वसंत गोवारीकर

डॉ. वसंत रणछोड गोवारीकर (२५ मार्च, १९३३, पुणे – २ जानेवारी, २०१५, पुणे) हे भारतीय शास्त्रज्ञ, रसायन अभियंता आणि विज्ञान प्रशासक होते. अग्निबाणांसाठी लागणाऱ्या घन इंधनाचे तंत्र भारतात उभे करणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव प्रथम घेतले जाते. तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक (१९७९–१९८५), केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव (१९८६–१९९१), पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार (१९९१–१९९३) आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरू (१९९५–१९९८) ही पदे त्यांनी भूषविली. सर्वसामान्य मराठी वाचक त्यांना ओळखतो तो मुख्यतः पावसाच्या अंदाजामुळे. शास्त्रज्ञ म्हणून त्यांची घडण मात्र ज्वलनाच्या अभ्यासात झाली, आणि या लेखातही त्या भागाला अधिक जागा दिली आहे.

बालपण व शिक्षण

गोवारीकरांचा जन्म पुण्यात झाला, पण त्यांचे बालपण आणि शिक्षण कोल्हापुरात झाले. स्वातंत्र्यपूर्व काळातील स्वदेशीच्या वातावरणात हा मुलगा वाढला. यंत्रांविषयीची त्याची ओढ लहानपणापासूनच दिसत होती. शाळकरी वयात त्याने अमेरिकेतील मोटार उद्योजक हेन्री फोर्ड यांना पत्र लिहिले आणि त्याला उत्तरही आले, अशी आठवण त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार येते.

विज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर ते इंग्लंडला गेले. बर्मिंगहॅम विद्यापीठात प्रा. एफ. एच. गार्नर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी रसायन अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळविली. घन पदार्थ आणि त्याच्याभोवती वाहणारा द्रव किंवा वायू यांच्यात उष्णतेची व द्रव्याची देवाणघेवाण कशी होते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. त्यातून मांडल्या गेलेल्या विवेचनाला पुढे गार्नर-गोवारीकर सिद्धान्त असे नाव मिळाले. विषय रूक्ष वाटला तरी तो पुढे नेमका उपयोगी पडला. जळता कण म्हणजे तरी काय, तर भोवतालच्या वायूशी उष्णता आणि द्रव्य यांची अतिशय वेगाने देवाणघेवाण करणारा घन किंवा द्रव गोळाच.

डॉक्टरेटनंतर त्यांनी हार्वेल येथील ब्रिटिश अणुऊर्जा संशोधन संस्थेत आणि नंतर समरफील्ड येथील संशोधन केंद्रात काम केले. समरफील्डला अग्निबाणांच्या घन इंधनाच्या मोटारींवर संशोधन चालत असे. प्रणोदकाशी, म्हणजे अग्निबाणाला पुढे ढकलणाऱ्या इंधनाशी, त्यांचा प्रत्यक्ष संबंध तेथे आला.

थुंबा

केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा हे मच्छीमारांचे गाव चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. उच्च वातावरणाच्या अभ्यासासाठी विक्रम साराभाई यांनी ते निवडले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण सुटला. तो अमेरिकी बनावटीचा नायके-अपाचे होता. गावातील सेंट मेरी मॅग्डेलिन चर्चची इमारत सुरुवातीला कार्यालय म्हणून वापरली गेली आणि अग्निबाणाचे सुटे भाग सायकलवरून नेले गेले, हे सर्वश्रुत आहे.

साराभाईंच्या निमंत्रणावरून गोवारीकर भारतात परतले आणि १९६७ मध्ये थुंबा येथे रुजू झाले. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला रोहिणी मालिकेतील ७५ मिलिमीटर व्यासाचा पहिला छोटा भारतीय अग्निबाण उडाला. त्यात कॉर्डाइट हे जुन्या पद्धतीचे, तोफगोळ्यांसाठी वापरात असलेले प्रणोदक होते. सोंतोर या फ्रेंच अग्निबाणाच्या निर्मितीचा परवानाही भारताने घेतला होता आणि त्याच्या इंधनासाठी थुंब्यालाच कारखाना उभा राहिला. परवान्याने कृती मिळते. ती कृती तशीच का आहे, हे मात्र परवान्यात लिहिलेले नसते. उपग्रह सोडण्याएवढा मोठा अग्निबाण करायचा तर हे 'का' स्वतःच शोधणे भाग होते. एक तर असे तंत्रज्ञान लष्करी उपयोगाचे असल्याने कोणतेही राष्ट्र ते सहजासहजी देणारे नव्हते. दुसरे असे की, कच्चा माल आयात होत राहिला असता तर एका निर्बंधाने सगळा कार्यक्रम ठप्प झाला असता.

म्हणून गोवारीकरांच्या गटाने प्रणोदकाच्या अभियांत्रिकीबरोबरच त्याच्या रसायनांकडेही लक्ष दिले. बांधणीसाठी लागणारी बहुवारिके (पॉलिमर), ऑक्सिडकारक, धातूची भुकटी, उष्णतारोधक अस्तर, चिकट द्रव्ये या सगळ्यांची घडण देशातच व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. अमोनियम परक्लोरेटच्या निर्मितीसाठी केरळमध्येच आलुवा येथे प्रकल्प उभारण्यात आला. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली कृती खाजगी व सार्वजनिक कारखान्यांना देऊन त्यांच्याकडून माल तयार करून घेण्याची इस्रोची पद्धत याच काळात रुळली.

घन प्रणोदक आणि ॲल्युमिनियमची भुकटी

संमिश्र घन प्रणोदकाचे तीन मुख्य घटक असतात. अमोनियम परक्लोरेट हे क्षाररूप ऑक्सिडकारक वजनाने सुमारे दोन-तृतीयांश ते सत्तर टक्के असते. ॲल्युमिनियमची भुकटी साधारण पंधरा ते वीस टक्के असते. उरलेला भाग रबरासारख्या बहुवारिकाचा. तो या साऱ्याला बांधून ठेवतो आणि स्वतःही जळतो. हे मिश्रण घट्ट काकवीसारखे असताना मोटारीच्या पोकळ नळकांड्यात ओततात आणि उबेत ठेवून घट्ट करतात. तयार झालेला ठोकळा हाताला रबरासारखा लागतो.

यात धातू घालण्याचे कारण ऊर्जा हे आहे. एक ग्रॅम ॲल्युमिनियम पूर्ण जळले तर सुमारे ३१ किलोजूल उष्णता देते. मोटारीतील तापमान त्यामुळे वाढते आणि वायू अधिक वेगाने बाहेर पडतात. धातू जळून होणारे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म थेंब ज्वलनकक्षातील दाबाची आंदोलनेही शमवितात. ही आंदोलने आवरली नाहीत तर मोटार फुटू शकते. अग्निबाणामागे दिसणारा दाट पांढरा पट्टा बराचसा याच ऑक्साइडचा असतो.

मात्र ॲल्युमिनियमची भुकटी म्हटली की सगळी सारखीच, असे नाही. ती किती बारीक आहे आणि किती दिवसांची आहे, यावर तिचे जळणे अवलंबून असते. घरातील ॲल्युमिनियमचे पातेले चुलीवर पेट घेत नाही याचे कारण धातूवर असलेला ऑक्साइडचा पातळ थर होय. नव्या धातूला हवा लागताच काही क्षणांत हा थर तयार होतो. त्याची जाडी अवघी दोन ते चार नॅनोमीटर असते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते, पण त्याचा ऑक्साइड वितळण्यास २००० अंशांहून अधिक तापमान लागते. त्यामुळे तापणाऱ्या कणाच्या आतील धातू पातळ झालेला असतो आणि बाहेरचे कवच घट्टच राहते. मोठा कण पेटण्यासाठी हे कवच फुटावे किंवा वितळावे लागते. नॅनोमीटरच्या मापाचे कण मात्र धातूच्या वितळणबिंदूच्या आसपास किंवा त्याहूनही कमी तापमानाला पेट घेतात.

कण जेवढा लहान तेवढा त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा. २० मायक्रॉन व्यासाच्या गोल कणांची एक ग्रॅम भुकटी घेतली तर तिचा एकूण पृष्ठभाग सुमारे ०.१ चौरस मीटर भरतो. तीच भुकटी ५० नॅनोमीटरची असेल तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग ४० चौरस मीटरांच्या वर जातो. जळण्यास लागणारा वेळही कणाच्या व्यासाबरोबर झपाट्याने वाढतो. प्रयोगांतून मिळालेल्या सर्वमान्य सूत्राप्रमाणे व्यास दुप्पट केला तर वेळ दुप्पट न होता जवळजवळ साडेतीन पट होतो. मोटारीतून वायू काही मिलिसेकंदांत बाहेर निघून जात असल्यामुळे फार मोठा कण अर्धवट जळताच बाहेर फेकला जातो. त्याची ऊर्जा वाया जाते आणि वजन मात्र वाहून न्यावे लागते.

मग सर्वांत बारीक भुकटीच का वापरत नाहीत, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडणे साहजिक आहे. याला दोन उत्तरे आहेत. पहिले कारखान्यातले. फार बारीक भुकटी बहुवारिकात मिसळली की मिश्रण इतके घट्ट होते की ते ओतता येत नाही. त्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि ठोकळ्यात पोकळ्या राहतात. पेटलेली ज्वाला अशा पोकळीपाशी पोचली की जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, दाब चढतो आणि मोटार फुटण्याची भीती असते. म्हणून वेगवेगळ्या मापांचे कण ठरावीक प्रमाणात मिसळतात. डाळीच्या डब्यात रवा ओतला तर तो दाण्यांमधल्या फटींत मावतो, तसाच हा हिशोब आहे.

दुसरे उत्तर कवचातच आहे. कवचाची जाडी कणाच्या मापाप्रमाणे कमी होत नाही. ३ नॅनोमीटर जाडीचे कवच २० मायक्रॉनच्या कणावर असेल तर आकारमानाचा हजारावा भागही त्यात जात नाही. पण ५० नॅनोमीटरच्या कणावर तेच कवच आकारमानाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग व्यापते. ऑक्साइड हा आधीच जळून गेलेला धातू असल्यामुळे तेवढे इंधन नुसते वजन ठरते.

भुकटीचे वय येथेच महत्त्वाचे ठरते. कोरड्या हवेत ऑक्साइडचा थर एका मर्यादेपर्यंत वाढून थांबतो आणि आतील धातूचे रक्षण करतो. दमट हवेत तसे होत नाही. पाण्याची वाफ धातूशी अभिक्रिया करते, हायड्रॉक्साइड तयार होते आणि हायड्रोजन वायू सुटतो. थर जाड होतो, सच्छिद्र होतो, कण एकमेकांना चिकटतात. मायक्रॉनच्या मापाची भुकटी बंद डब्यात अनेक वर्षे टिकते. नॅनो मापाची भुकटी ओलसर हवेत ठेवली तर थोड्याच काळात बरीचशी निकामी होते. जुनी भुकटी पेटण्यास अधिक उष्णता मागते, उशिरा पेटते आणि तिच्यातून मिळणारी उष्णताही कमी असते. म्हणूनच भुकटीत खरा धातू किती शिल्लक आहे, याची रासायनिक चाचणी घेतल्याशिवाय ती वापरत नाहीत. साध्या तराजूवर जुनी भुकटी उलट थोडी जडच भरते, कारण तिने हवेतील ऑक्सिजन आणि पाणी पोटात घेतलेले असते.

प्रणोदकाच्या पृष्ठभागावर आणखी एक घडामोड होते. शेजारशेजारचे कण पेटण्यापूर्वीच वितळून एकत्र येतात आणि त्यांचे शंभर किंवा त्याहून अधिक मायक्रॉनचे गोळे बनतात. भुकटी २० मायक्रॉनची घातली तरी प्रत्यक्षात जळतो तो हा मोठा गोळा. त्याचा काही भाग मोटारीतच राखेसारखा साचतो, काही जड थेंबांच्या रूपाने नळीतून सावकाश बाहेर पडतो. वायू आणि थेंब यांचा वेग सारखा न राहिल्याने जी ऊर्जा वाया जाते, ती अग्निबाणाच्या अभिकल्पात आधीच धरावी लागते. हे एकत्र येणे किती होईल, ते परक्लोरेटच्या दाण्यांच्या मापावरही अवलंबून असते. मोठ्या दाण्यांच्या मधल्या पोकळ्यांत ॲल्युमिनियमचे कण गोळा होतात, म्हणून एका घटकाचे माप बदलले की दुसऱ्याचे वागणे बदलते.

तयार ठोकळ्यालाही वय असते. साठवणीत बहुवारिक हळूहळू कडक होते, ठोकळा आक्रसतो, अस्तरापासून सुटू लागतो. मोटार वर्षानुवर्षे वापरण्याजोगी राहील की नाही, हे ठरविण्यासाठी नमुने वाढीव तापमानात ठेवून त्यांचे वार्धक्य मुद्दाम लवकर आणतात आणि मग त्यांची ताकद व जळण्याचा वेग मोजतात. थुंबा समुद्राला लागून आहे. केरळचा पाऊस आणि खारी, दमट हवा लक्षात घेता परक्लोरेट आणि धातू दोन्ही कोरडे राखणे हे तेथे रोजचे काम होते. मिश्रणाच्या इमारतींत हवेतील ओलावा नियंत्रित ठेवावाच लागतो.

एसएलव्ही-३

या सर्व कामाची परीक्षा एसएलव्ही-३ या पहिल्या भारतीय उपग्रह प्रक्षेपकात झाली. सुमारे २२ मीटर उंचीचा आणि १७ टन वजनाचा हा अग्निबाण चार टप्प्यांचा होता आणि चारही टप्प्यांत घन इंधनच होते. पहिल्या टप्प्यात सुमारे ९ टन प्रणोदक होते. प्रकल्पाचे प्रमुख ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. गोवारीकर १९७९ पासून केंद्राचे संचालक होते. विक्रम साराभाई तोवर हयात नव्हते. डिसेंबर १९७१ मध्ये कोवळम येथे त्यांचे निधन झाले होते आणि केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले होते.

१० ऑगस्ट १९७९ रोजी झालेले पहिले उड्डाण अयशस्वी ठरले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील आम्लाची गळती हे त्याचे कारण होते. घन मोटारींनी आपले काम केले होते. अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. वर्षभरात दोष दुरुस्त झाले आणि १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोटा येथून सुटलेल्या एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत पोचविला. स्वतःच्या बळावर उपग्रह सोडणारा भारत हा सहावा देश मानला जातो. या यशाची बातमी देताना वृत्तपत्रांनी उपग्रहाचे कौतुक केले, ते योग्यच होते. इंधनाविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

गोवारीकरांच्या संचालकपदाच्या काळातच, १९८२ मध्ये, ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाच्या (पीएसएलव्ही) प्रकल्पास मंजुरी मिळाली. त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी एचटीपीबी या अधिक लवचीक बहुवारिकावर आधारलेले, शंभराहून अधिक टन वजनाचे घन प्रणोदक ठरविण्यात आले. एवढी मोठी घन मोटार तेव्हा मोजक्याच देशांकडे होती. नऊ टनांवरून एकदम शंभरापलीकडे उडी घेण्याचा हा निर्णय धाडसाचा होता. पीएसएलव्हीचे पहिले यशस्वी उड्डाण १९९४ मध्ये झाले, त्या वेळी गोवारीकर अंतराळ खात्यात नव्हते. या प्रक्षेपकाच्या कडेला लावलेल्या लहान मोटारी एसएलव्ही-३ च्या पहिल्या टप्प्यावरूनच घडविलेल्या आहेत.

विदर्भातील वाचकांसाठी येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ॲल्युमिनियमची भुकटी ही केवळ अग्निबाणांची वस्तू नाही. कोळसा खाणींत वापरल्या जाणाऱ्या स्लरी स्फोटकांतही ती असते. वर्धा खोऱ्यातील खाणी आणि बुटीबोरी, हिंगणा, उमरेड या औद्योगिक वसाहतींमुळे स्फोटके आणि धातू यांचे उद्योग नागपूर परिसरात वाढले. वाडी येथील जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन विकास व अभिकल्प केंद्र हेही याच परिसरात आहे. बारीक भुकटी हवेत उडाली असता ठिणगीनेही स्फोट होतो, आणि पेटलेल्या भुकटीवर पाणी मारले तर हायड्रोजन सुटून आग भडकते. ती कोरड्या वाळूने किंवा खास कोरड्या चूर्णानेच दाबावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये उमरेड औद्योगिक वसाहतीतील ॲल्युमिनियमच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले. कणाचे माप हा विषय परीक्षेपुरता नाही, हे त्या परिसरातील घरांना वेगळे सांगण्याची गरज उरलेली नाही.

दिल्लीतील कार्य

१९८६ मध्ये गोवारीकर विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केलेल्या शोधाच्या स्मरणार्थ २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून १९८७ पासून साजरा होऊ लागला, तो त्यांच्या सचिवपदाच्या काळात. शाळाशाळांतून आजही हा दिवस पाळला जातो. त्याच वर्षी देशभर निघालेल्या भारत जन विज्ञान जत्थ्यालाही विभागाच्या विज्ञान प्रसार परिषदेचे पाठबळ होते.

१९८७ साली देशात भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर गोवारीकर आणि हवामान खात्यातील शास्त्रज्ञांनी मॉन्सूनच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजासाठी सोळा घटकांवर आधारलेले गणिती प्रारूप तयार केले. समुद्राचे तापमान, हिमालयातील व युरेशियातील बर्फ, वाऱ्यांची स्थिती, निरनिराळ्या ठिकाणचा हवेचा दाब असे जगभरातील घटक त्यात होते. १९८८ पासून हवामान खात्याने त्याचा वापर सुरू केला आणि त्या वर्षी भरपूर पाऊस झाला. पुढची चौदा वर्षे देशाचा सरासरी पाऊस मोठ्या दुष्काळाच्या पातळीवर उतरला नाही. गोवारीकर प्रारूप हे शब्द खेड्यापाड्यांत पोचले. पेरणी करावी की थांबावे, असा प्रश्न असलेल्या शेतकऱ्याला प्रथमच एका शास्त्रज्ञाचे नाव ठाऊक झाले.

२००२ मध्ये मात्र हे प्रारूप साफ चुकले. पाऊस सरासरीइतका होईल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात तो सरासरीच्या ८१ टक्केच झाला आणि जुलै महिना तर जवळजवळ अर्धा कोरडा गेला. दुबार पेरणीचे संकट ओढवले. हवामान खात्याने पुढच्याच वर्षी हे प्रारूप बाजूला ठेवून कमी घटकांची नवी प्रारूपे स्वीकारली. पूर्वी पावसाशी चांगला संबंध दाखविणारे काही घटक काळाच्या ओघात तो संबंध गमावून बसले होते, असे टीकाकारांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते. शिवाय संपूर्ण देशाचा एक आकडा एखाद्या तालुक्यातील कापूस किंवा सोयाबीन पेरणाऱ्याच्या फारसा उपयोगी पडत नाही, ही मर्यादा प्रारूपात पहिल्यापासूनच होती. तरीही अंदाज आकड्यांत मांडावा, तो जाहीर करावा आणि हंगामानंतर त्याची तपासणी होऊ द्यावी, ही सवय या प्रारूपामुळे लागली, हे मान्य करावे लागते. मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी भारताने अमेरिकेकडून क्रे महासंगणक घेतला, तो व्यवहारही याच काळातला.

लोकसंख्येचा अंदाज

लोकसंख्येच्या प्रश्नावर गोवारीकरांनी घेतलेली भूमिका त्या काळात अनेकांना धक्कादायक वाटली. भारताची लोकसंख्या आवाक्याबाहेर जाणार, असे बहुतेक सारे सांगत असताना, वाढीचा वेग उताराला लागला आहे आणि जननदर अपेक्षेपेक्षा लवकर खाली येईल, असे त्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभीच आकडेवारीच्या आधारे मांडले. लोकसंख्या तज्ज्ञांनी त्यांच्यावर टीका केली. रसायन अभियंत्याने या क्षेत्रात शिरू नये, असाही त्या टीकेचा सूर होता. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण जननदर २.० असल्याचे दिसून आले. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ या दराहून तो कमी आहे. त्यांनी दिलेली कालगणना तंतोतंत उतरली की नाही, यावर वाद होऊ शकतो. दिशा बरोबर होती, यावर आता वाद उरलेला नाही.

पुणे विद्यापीठ व मराठी विज्ञान परिषद

१९९३ मध्ये दिल्लीतील जबाबदारी संपली. १९९५ ते १९९८ या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्याच सुमारास, १९९४ ते २००० या वर्षांत, ते मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष होते. मराठीतून विज्ञान सांगण्यासाठी १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला त्यांच्या रूपाने असा अध्यक्ष लाभला, ज्याने विज्ञान केले होते, राबविले होते आणि त्याच्या चुकाही सार्वजनिक रीतीने सोसल्या होत्या.

लेखन

बहुवारिकांविषयीचे 'पॉलिमर सायन्स' हे त्यांनी एन. व्ही. विश्वनाथन आणि जयदेव श्रीधर यांच्यासह लिहिलेले इंग्रजी पाठ्यपुस्तक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय महाविद्यालयांतील रसायनशास्त्राचे विद्यार्थी ते पुढे दीर्घकाळ वापरत राहिले. प्रणोदकाच्या कामातून आलेली बहुवारिकांची जाण त्यात जागोजागी दिसते. 'आय प्रेडिक्ट' या पुस्तकात लोकसंख्येसह इतर विषयांवरील त्यांची भाकिते आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी पत्नी सुधा गोवारीकर व इतर सहकाऱ्यांसमवेत खतांचा कोश सिद्ध केला. 'द फर्टिलायझर एन्सायक्लोपीडिया' या नावाने तो २००९ मध्ये प्रकाशित झाला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने एवढ्या मोठ्या कोशाचे काम पुरे करावे, ही साधी गोष्ट नव्हे.

सन्मान व निधन

भारत सरकारने गोवारीकरांना १९८४ मध्ये पद्मश्री आणि २००८ मध्ये पद्मभूषण देऊन गौरविले. अल्प आजारानंतर २ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.